एका विहिरीच्या फाईलमध्ये केवढं सरकार मावतं!

जालना जिल्ह्यातल्या राजूरच्या शिवारात विहीर खोदायची म्हटली तर खाली काय काय लागेल, हे तिथला कुठलाही जाणता माणूस सांगतो. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग फुटका खडक आणि त्याहून खाली काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत गेलेला लाव्हा म्हणजे हा दख्खनचा खडक. पाणी असतं ते मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. म्हणून इथं विहीर नुसती खोल असून भागत नाही, पाण्याची भेग गाठावी लागते.

याच विहिरीसाठी रोजगार हमीतून मदत मागितली की एक फाईल तयार होते, आणि तीही अशीच थराथरांची असते. प्रत्येक थर कुठल्या तरी वर्षी, काहीतरी घडून गेल्यावर साचलेला. 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' असं म्हणून आपण ती फाईल बंद करतो. पण ती उघडून एकेक कागद वाचला तर थक्क व्हायला होतं. लोकशाही देशांतले उदारमतवादी आज ज्या प्रश्नावर एकमेकांशी हिरिरीने भांडताहेत, तो सगळा प्रश्न भोकरदन तालुक्यातल्या या एका फाईलमध्ये आहे.

आधी फाईलचा प्रवास बघू. अर्ज ग्रामपंचायतीत जातो. सोबत सातबारा, आठ-अ, जॉबकार्ड. सलग किमान 0.40 हेक्टर म्हणजे एक एकर जमीन हवी आणि सातबाऱ्यावर आधीची विहीर नको. ग्रामसभेचा ठराव हवा. गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत ती विहीर नको. मग तांत्रिक सहाय्यकाचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, गटविकास अधिकाऱ्याची प्रशासकीय मान्यता. त्यासाठी राजूरहून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या भोकरदनला पंचायत समितीत चकरा. काम सुरू झालं की मजुरांच्या हजेरीचं मस्टर निघतं, खोदलेल्याची मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, तिला सगळे 'एमबी' म्हणतात. कामाआधी, काम चालू असताना आणि काम झाल्यावर जागेचे जिओ टॅग केलेले फोटो. मजुरी आधारला जोडलेल्या बँक खात्यात. सिमेंट, खडी, सुरुंगाचं ते 'कुशलचं बिल' वेगळं, आणि ते अडकलं तर महिनोन्‌महिने अडकतं.

एवढं सगळं कशासाठी? उत्तर कागदागणिक वेगळं आहे.

500 मीटरचा नियम घ्या. मराठवाड्यात उन्हाळा आला की गावाची नळयोजना ज्या विहिरीवर चालते तिच्या शेजारीच कोणीतरी खोल विहीर पाडायचा, मोटर लावायचा आणि गाव टँकरवर यायचं. त्यावर महाराष्ट्राने 1993 साली पिण्याच्या पाण्यासाठी भूजल कायदा केला. खडकाच्या भेगा जमिनीखालून जोडलेल्या असतात, सातबाऱ्याची हद्द त्यांना ठाऊक नसते. एकाच्या विहिरीचा उपसा दुसऱ्याच्या विहिरीचा तळ उघडा पाडतो. तेव्हा हा नियम म्हणजे मोटर नसलेल्या बाईच्या हंड्याला दिलेलं संरक्षण आहे. तो काढा असं कोण म्हणेल?

मस्टरचा थर त्याहून जुना. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरला 1965 च्या सुमारास वि. स. पागे यांनी एक प्रयोग केला. पागे विधान परिषदेचे सभापती. काम मागेल त्याला गावाजवळच काम देणं सरकारला परवडेल का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यातून रोजगार हमीची कल्पना उभी राहिली. मग 1972 चा दुष्काळ आला. मे 1973 मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. खडी फोडणारी, पाझर तलावांवर माती वाहणारी, सुकडी खाऊन दिवस काढणारी ही माणसं आजही मराठवाड्यातल्या घराघरांतल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात भेटतात. 1977 मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. कामाचा हक्क देणारा असा कायदा देशात पहिलाच. त्यासाठी पैसा उभा राहिला तो शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून. पगाराच्या पावतीवर अजूनही दिसणाऱ्या त्या छोट्याशा कपातीचा उगम दुष्काळातल्या मजुराच्या मजुरीत आहे, हे वाचून मला आजही भरून येतं.

पण एवढ्या मोठ्या प्रमाणावर रोख मजुरी वाटायची म्हटल्यावर मस्टरवर खोटी नावं चढणार, ठेकेदार मजूर दाखवून यंत्र चालवणार, हे ओघानं आलंच. म्हणून ठेकेदाराला बंदी आली. खर्चाचं 60:40 असं प्रमाण आलं, म्हणजे किमान 60 टक्के मजुरीवर आणि फार तर 40 टक्के साहित्यावर. पैसा सिमेंटवाल्याच्या नाही, मजुराच्या हातात पडावा, हा त्यामागचा विचार. नियम मायेपोटी आलेला आहे.

आता हाच नियम विहिरीपाशी आणा. मुरूम संपून काळा खडक लागला की कुदळ-फावड्याचं काम संपतं. सुरुंग, क्रेन, मग कडं बांधायला सिमेंट आणि लोखंड. विहीर स्वभावतःच साहित्याची भुकेली. गावात चार विहिरी एकदम मंजूर झाल्या की 60:40 बिघडतं, आणि ते सावरायला मजुरीची दुसरी कामं काढावी लागतात. तोवर विहिरीची फाईल थांबते. मजुराच्या रक्षणासाठी केलेला नियम त्याच मजुराच्या एक एकराच्या विहिरीआड येतो. नियमाचाही हेतू चांगला, विहिरीच्या मदतीचाही, आणि अडला तो शेतकरी.

हे कोडं काही राजूरचं एकट्याचं नाही. अमेरिकेत एकेकाळी रॉबर्ट मोझेससारखे अधिकारी न्यूयॉर्कच्या नांदत्या वस्त्यांमधून महामार्ग काढत होते आणि लोकांना विचारायची पद्धत नव्हती. 1969 मध्ये ओहायो राज्यातल्या कुयाहोगा नदीवरचा तेलकट तवंग पेटला. या सगळ्याला उत्तर म्हणून तिथल्या उदारमतवाद्यांनी कायदे आणले. 1 जानेवारी 1970 रोजी राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर सही झाली. सरकारने काही करण्याआधी अभ्यास करावा, जनसुनावणी घ्यावी, आणि नागरिकाला कोर्टात जाता यावं. नद्या खरोखर स्वच्छ झाल्या. पण त्याच दारांतून पुढे घरबांधणी, रेल्वे आणि पवनचक्क्याही अडवल्या जाऊ लागल्या. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 2008 मध्ये वेगवान रेल्वेला कौल दिला. ती 2020 पर्यंत धावायची होती, अजून धावलेली नाही. मार्च 2025 मध्ये एझ्रा क्लाइन आणि डेरेक थॉम्पसन यांचं 'ॲबंडन्स' हे पुस्तक आलं आणि वादाला तोंड फुटलं. त्यांचं म्हणणं असं की आपण सरकारला चूक करण्यापासून अडवायला शिकलो आणि त्या भरात काम करण्यापासूनही अडवून बसलो. त्याच पंथातले दुसरे म्हणतात, सांभाळा, नियम सैल केले की आधी आत शिरतो तो धनदांडगा. सामान्य माणसाच्या हातात कोर्ट आणि सुनावणी याशिवाय आहे काय?

आपल्याकडे ही दुहेरी ओढ शंभर वर्षांहून जुनी आहे. गोपाळ कृष्ण गोखले 1897 मध्ये वेल्बी आयोगासमोर उभे राहिले ते सरकारच्या उधळपट्टीचा हिशेब मागायला. तेच गोखले 1911 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक घेऊन आले, म्हणजे सरकारवर केवढं मोठं काम टाकायला निघाले! सरकारला वेसणही हवी आणि सरकारच्या हाताला बळही हवं. पुढे शेतकरी नेते शरद जोशींनी शेतकऱ्याच्या बाजूने पहिला, वेसणीचा धागा उचलला आणि सरकारी बंधनांवरच घाव घातला. त्यांच्या विचाराचे शेतकरी 2019 च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला जमले आणि परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील कापसाचं बियाणं त्यांनी उघडपणे पेरलं. दुसरा, बळाचा धागा पागेंचा. मला वाटतं, विहीर हवी असलेल्या माणसाला हे दोन्ही धागे लागतात.

मग फाईल हलत का नाही? याचं उत्तर मला साहेबाच्या टेबलाच्या पलीकडे बसल्यावर दिसतं ते असं. चुकीच्या अर्जावर सही केली तर चौकशी, ऑडिटचा आक्षेप, निलंबन. बरोबर अर्जावर सही न करता तो तीन महिने ठेवला तर काहीच नाही. एका बाजूला शिक्षा आणि दुसऱ्या बाजूला शांतता असेल तर माणूस शांतताच निवडणार. त्यात आळस असेलही, पण मुळात हा हिशेब आहे. आणि भीती पोकळ नाही. याच जालना जिल्ह्यात, अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत, बनावट शेतकऱ्यांच्या नावावर अतिवृष्टीचं अनुदान उचलल्याचा प्रकार 2025 मध्ये उघडकीस आला. रक्कम कोट्यवधींची होती, तलाठ्यांसह अनेक कर्मचारी निलंबित झाले. पंचनामे ऑनलाइन होते, लॉगिन-पासवर्ड होते, तरीही. असं काही घडलं की त्यावर पुढच्या वर्षी आणखी एक पडताळणी बसते, आणि तिचा भार चोरावर पडत नाही. तो पडतो खऱ्या नुकसानग्रस्तावर.

उलट बाजूही तितकीच खरी. जितक्या सह्या, तितक्या अडवायच्या जागा. फुलंब्री हा तालुका छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला, पण राजूरच्याच जालना लोकसभा मतदारसंघात येणारा. तिथल्या पंचायत समितीसमोर 31 मार्च 2023 रोजी एका तरुण सरपंचाने गळ्यात नोटांचा हार घालून दोन लाख रुपयांच्या नोटा उधळल्या. विहिरींच्या मंजुरीसाठी पैसे मागितले जातात, हा त्याचा आरोप. ते दृश्य राज्यभर मोबाइलवर फिरलं. भ्रष्टाचार रोखायला नियम आणि त्या नियमांच्याच आधाराने भ्रष्टाचार, अशी ही गाठ.

महाराष्ट्राने ही गाठ सोडवायचा प्रयत्न केला नाही असं नाही, आणि हा भाग फार थोड्यांना माहीत असतो. आपल्याकडे 'दप्तर दिरंगाई कायदा' आहे. 2005 चा, 1 जुलै 2006 पासून लागू. कोणत्याही सरकारी नोकराकडे फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, असं त्यात लिहिलं आहे. तातडीची असेल तर चार दिवस, अतितातडीची असेल तर शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची नसलेल्या फाईलवर 45 दिवसांत निर्णय, आणि जाणूनबुजून उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई. 2015 मध्ये लोकसेवा हक्क कायदा आला; अधिसूचित सेवा मुदतीत न देणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड त्यात आहे. म्हणजे उशीर हासुद्धा गुन्हा आहे, हे आपल्या राज्याने कायद्यात लिहून ठेवलं. उदारमतवाद्यांच्या जगभरच्या वादात ज्याची मागणी होते, ते इथे कागदावर आहे! उणीव आहे ती त्या कलमाचा आधार घेणाऱ्यांची.

आता राजूरकडे दुसऱ्या अंगाने बघा. राजूरचा राजुरेश्वर महाराष्ट्रातल्या साडेतीन गणेशपीठांपैकी एक. मंगळवारी संकष्टी आली की अंगारकी, आणि अंगारकीला राजूरला माणसांचा महापूर. जालन्याहून आदल्या रात्रीच लोक पायी निघतात. एस.टी.च्या जादा गाड्या लागतात, वाहतूक वळवली जाते, पोलिस बंदोबस्त, पाणी, दवाखान्याचं पथक. एरवी एक दाखला द्यायला थकणारी यंत्रणा त्या दिवशी लाखोंच्या गर्दीला सांभाळते. माणसं तीच, खाती तीच, नियमही तेच. फरक एवढाच की चतुर्थी पुढे ढकलता येत नाही. तारीख पंचांगाने ठरवलेली असते, आणि चुकली तर ते लाखो लोकांच्या डोळ्यांसमोर चुकतं.

विहिरीलाही अशी तारीख असते, पण ती सरकारच्या पंचांगात नाही. कापूस वेचून झाला, हरभरा-गहू निघाला की रान मोकळं होतं. पाण्याची पातळी खाली जाते, खोदायला तळ कोरडा मिळतो. साधारण फेब्रुवारीपासून मृगापर्यंत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, विहिरीचं काम होऊ शकतं. पाऊस पडला की खड्ड्यात पाणी, कडा ढासळतात, काम थांबतं. तेव्हा जानेवारीतला अर्ज एप्रिलऐवजी जुलैमध्ये मंजूर झाला तर दप्तरात उशीर तीन महिन्यांचा दिसतो. शेतात तो एक वर्षाचा असतो, आणि त्या वर्षी मिरची लावता येत नाही. त्यात 31 मार्चला सरकारचं आर्थिक वर्ष संपतं, म्हणजे कामाच्या ऐन मोसमात कार्यालयं मार्चअखेरीच्या हिशेबांत बुडालेली. खडक आणि दप्तर यांची वेळापत्रकं एकमेकांना छेद देतात, आणि हे कोणी शत्रुत्वाने केलेलं नाही, नुसत्या दुर्लक्षाने झालेलं आहे.

केंद्राचा 2005 चा रोजगार हमी कायदा जाऊन त्याच्या जागी डिसेंबर 2025 मध्ये संसदेने नवा कायदा मंजूर केला. 100 ऐवजी 125 दिवसांच्या कामाची हमी त्यात आहे आणि पेरणी-काढणीच्या ऐन हंगामात एकूण 60 दिवसांपर्यंत कामं थांबवण्याची सोयही. हे 60 दिवस कुठे धरायचे ते राज्याने ठरवायचं. मजुराच्या दृष्टीने या कलमावर आक्षेप आहेत आणि ते गंभीर आहेत. मला त्यातलं एवढंच नोंदवायचं आहे की शेताचं वेळापत्रक कायद्यात लिहिता येतं. मग ते मंजुरीच्या मुदतीतही लिहिता आलं पाहिजे.

सरकारला वेग जमत नाही, हे तर जालन्यात कोणी म्हणूच नये. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातल्या जालना आणि बदनापूर तालुक्यांतून जातो. 701 किलोमीटरच्या या रस्त्याचं भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये झालं, नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 ला खुला झाला आणि शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला. जमीन थेट खरेदीने आणि जास्तीचा मोबदला देऊन घेतली, वर्षानुवर्षांची भूसंपादनाची लढाई पुष्कळशी टळली. सात वर्षांच्या आत सातशे किलोमीटर! पण त्याच रस्त्यावर, जालन्याच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ, 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर खाजगी बस पेटली आणि 25 माणसं गेली. महिनाभराने शहापूरजवळ पुलाच्या कामावरची अवजड यंत्रणा कोसळून 20 कामगार मेले. रस्ता खुला झाला तेव्हा वाटेत थांबायच्या पुरेशा सोयी नव्हत्या, ही तक्रार पहिल्या दिवसापासून होती. घाईने नियम गुंडाळायला निघालेल्या माणसाने हा पट्टा आठवावा.

माझं मत मी स्पष्ट सांगतो. नियम जास्त की कमी, हा प्रश्नच चुकीच्या जागी लावलेला आहे. विचारायचं ते हे की नियमाचं ओझं कोणाच्या खांद्यावर आहे. 500 मीटरचं अंतर मोजायचं ओझं सरकारचं असावं. शिवाराचा नकाशा, उद्भवांच्या नोंदी, भूजल सर्वेक्षणाचा अहवाल सगळं सरकारपाशीच आहे. सातबारा 2018 पासून डिजिटल सहीचा मिळतो, तो सरकारच्याच संगणकात आहे. तरी एका खिडकीवरून तो काढून दुसऱ्या खिडकीवर नेऊन द्यायला शेतकऱ्याने मजुरी बुडवून का जावं? हा थर काढला तर कुठल्याही मजुराचं, कुठल्याही हंड्याचं काही बिघडत नाही. मजुराचं खातं, ठेकेदाराला बंदी, उद्भवाचं अंतर हे ठेवा, त्यांच्यामागे कोणाचा तरी घाम आणि कोणाची तरी तहान आहे. 60:40 चं प्रमाण मात्र विहिरींपुरतं वेगळं धरा, कारण काळ्या पाषाणाला ते लागू पडत नाही. बदल करता येतात, याचा दाखला आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये राज्याने सिंचन विहिरीच्या मदतीची मर्यादा 3 लाखांवरून 4 लाखांवर नेली आणि दोन विहिरींमधल्या अंतराची अट काही घटकांसाठी सैल केली. एका शासन निर्णयाने हे झालं, क्रांती लागली नाही.

जालना हा जिल्हाच मुळी 1 मे 1981 ला तेव्हाच्या औरंगाबादपासून वेगळा झाला तो सरकार जवळ यावं म्हणून. उरलेलं अंतर आता टेबलाटेबलांमधलं आहे, आणि त्यातलं थोडं आपल्यालाही कापता येतं. राजूरला असा वा आणखी कुठे, ग्रामपंचायतीत अर्ज दिलात की हातोहात पोच घ्या, आणि त्या पोचेवर शिक्क्यासोबत तारीख आहे ना हे बघून घ्या. सात दिवस आणि 45 दिवस मोजायचे ते तिथूनच. मुदत टळली की दप्तर दिरंगाई कायद्याचं नाव घालून वरिष्ठांकडे लेखी तक्रार करा, आणि तिचीही पोच घ्या.